माणशी अठरा हजार

मुंबईच्या विमानतळावर काचेच्या दाराबाहेर बायडी वरठाला कळलं, की तिला विमानात नेणार नाहीत.

"मावशी, रागावू नका," सांगणारी म्हणाली. "तिकीट एकच मंजूर झालंय. सपनाचं."

सांगणारी म्हणजे स्वरा सावे. नीलपंख नावाच्या नव्या विमान कंपनीत ती जाहिरातीचं काम बघायची. गळ्यात ओळखपत्र, हातात दोन फोन, आणि बोलता बोलता ती सारखी मागे दाराकडे बघत होती. तिच्यासमोर बायडी नव्या हिरव्या लुगड्यात उभी होती, केसांत अबोली, काखेत पिशवी. पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी होती, कारण विमानात खायला मिळतं यावर तिचा विश्वास नव्हता. वाणगावच्या पूर्वेला डोंगराखाली त्यांचा पाडा. पहाटे निघताना अर्धा पाडा गाडीपर्यंत पोचवायला आला होता. शेजारची सोमी म्हणाली होती, "वरून माझ्या कोंबड्या मोज गं, एक कमी होते रोज."

"तुम्ही दोघींना बोलावलं होतं," सपना म्हणाली. सपना बायडीची मुलगी. "आमच्या घरात बसून बोलला होता, मॅडम."

"हो गं. मी प्रयत्न केला. पण फायनान्सवाले ऐकत नाहीत. एका पॅसेंजरला न्यायचा कंपनीचा खर्चच अठरा हजार येतो. दोघींचे छत्तीस झाले. कंपनी नवीन आहे, तू समजून घे."

"अठरा हजार? एका माणसाचे?" बायडीने विचारलं.

"हो ना मावशी."

इतका वेळ बायडी बोलावलेली पाहुणी होती. एवढा मोठा आकडा ऐकल्यावर तिला वाटायला लागलं, आपण इथे दारात उभं राहून काही तरी मागतोय. तिने पिशवी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"जा तू," ती सपनाला म्हणाली. "माझं तसं बी डोकं दुखतंय."

"काय दुखत नाय तुझं, आये."

"जा म्हणते ना. लोक बगतात."

सपनाचा भाऊ रूपेश मित्राची इको गाडी घेऊन आला होता. तो पार्किंगवरून धावत येईपर्यंत स्वराने सपनाला दंडाला धरून आत घेतलंही होतं. काचेतून सपनाला शेवटचं दिसलं ते हे, की आई एका खांबाला टेकून उभी आहे आणि एक शिपाई तिला तिथून बाजूला व्हायला सांगतोय.

आता हे दोघींना बोलावण्याचं प्रकरण काय होतं, ते सांगायला हवं.

डहाणूच्या बाजूला एका रिसॉर्टच्या भिंतीवर मायलेकींनी काढलेलं चित्र स्वराने पाहिलं होतं. ती विचारत विचारत पाड्यावर आली. नीलपंखच्या विमानांच्या शेपटीवर वारली चित्र हवं होतं. बायडीचा हात त्या भागात नावाजलेला. लग्नघराच्या भिंतीवर चौक काढायला तिला लांबून बोलावणी यायची. सपना बी.कॉम. होऊन बोईसरला एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात कामाला लागली होती, पण रविवारी दोघी मिळून कापडावर चित्रं काढायच्या. त्यांची वाटणी ठरलेली होती. शेत, डोंगर, झाडं आणि मधला चौक बायडी काढणार. माणसं, तारपा वाजवणारा, त्याच्याभोवतीचा नाच सपना.

शेपटीसाठी त्यांनी मोठ्या कापडावर चित्र काढलं. दिवाळीपासून होळीपर्यंत काम चाललं. तीनदा बदल सांगितले गेले. पहिल्यांदा कंपनीला मोर हवा होता, मग नको झाला. मग माणसं जास्त हवी झाली. बायडीने सगळी शेतं पुसून पुन्हा काढली, कारण माणसं वाढली की शेत सरकतं. पैशांचं विचारलं तेव्हा स्वरा म्हणाली होती, "पैशांचं आपण नीट बसून बोलू. पण पहिल्या विमानात तुम्ही दोघी बसणार, हे मी आत्ताच सांगते."

बायडीला त्या वाक्याने जिंकलं. पैशांचं तिने पुन्हा विचारलंच नाही. ती सपनाला म्हणाली होती, "मी शेत काढते ते वरून दिसतं तसं काढते. आईने शिकवलं तसं. वरून कोण गेलंय बगायला? एकदा बगायचंय, बरोबर काढते का चुकीचं."

आणि म्हणून ती नवं लुगडं नेसून मुंबईला आली होती.

विमान भोपाळला जाणार होतं. पंख्याचं, लहानसं, बहात्तर सीटचं. सपना आत शिरली तेव्हा पुढच्या रांगा भरलेल्या होत्या. कंपनीचे साहेब, त्यांच्या बायका, दोन-चार पत्रकार, कॅमेरेवाले. तिला खिडकीशी बसवलं आणि लगेच तिच्या तोंडासमोर कॅमेरा आला. "कैसा लग रहा है?" कोणी तरी विचारलं. तिने "अच्छा" म्हटलं. ते त्यांना कमी वाटलं, म्हणून परत विचारलं. तिने परत "अच्छा" म्हटलं.

विमान वर चढून सरळ झाल्यावर ती बाथरूमला जायला उठली. बाथरूम मागे होतं. ती मागे चालत गेली आणि मधेच थांबली.

मागच्या सगळ्या रांगा रिकाम्या होत्या.

एखाद-दुसरी सीट नव्हे, चार-चार सीटच्या दहा रांगा. सीटच्या पाठीवरचे पांढरे कपडे कडक इस्त्रीचे, कोणी डोकंही टेकलेलं नव्हतं. पट्टे नीट घडी घालून ठेवलेले. सपनाने एका हवाईसुंदरीला विचारलं, "या सीट कुणाच्या?"

"किसी की नहीं, मॅम. खाली हैं. आपको पीछे बैठना है तो बैठ जाइए," ती मुलगी हसून म्हणाली.

सपना बसली नाही. ती तिथेच सीटच्या पाठीला धरून उभी राहिली. चाळीस जागा रिकाम्या आणि आई खांबाला टेकून. तिला वाटलं, आत्ता ओरडावं, विमान मागे फिरवायला लावावं. ती पुढे गेली आणि स्वराच्या सीटशी वाकली.

"मॅडम, मागे चाळीस सीट रिकाम्या आहेत."

स्वराने आजूबाजूला बघितलं. "हळू बोल. प्रश्न सीटचा नसतो, सपना. खर्चाचा असतो. फायनान्स माणशी खर्च काढतं."

"सीट रिकामी गेली तर खर्च वाचतो का?"

"आपण नंतर बोलू. बस जागेवर, कॉफी येतेय."

भोपाळला सत्कार झाला. शाल, श्रीफळ, विमानाचं एक छोटं प्लास्टिकचं मॉडेल. एका साहेबाने भाषणात तिला 'जंगल की बेटी' म्हटलं. सपना रोज सकाळी वाणगावहून बोईसरला जाऊन ट्रकच्या मालाची ई-वे बिलं बनवायची. त्या 'बेटी'वर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तिने मान खाली घातली, आणि लोकांना वाटलं ती लाजली.

ती परतली तेव्हा बायडी अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तिने विचारलं, "भीती वाटली का?" सपना म्हणाली, "नाय." पुढे दोघी बोलल्या नाहीत. पण पाडा कसा गप्प राहील? पाण्यावर, दुकानात, वाणगावच्या बाजारात, जो तो बायडीला विचारायचा, "काय गं, वरून कसं दिसतं?" प्रत्येकाला तिला तेच सांगावं लागायचं, "मी नाय गेली." मग पुढचा प्रश्न यायचा, "का?" आणि बायडी म्हणायची, "लय खर्च येतो त्यांना." हे ती इतक्या शरमेने सांगायची, की तो खर्च जणू तिनेच केला होता. सोमीने कोंबड्यांची थट्टा पुन्हा काढली नाही. बायडीला तेच जास्त लागलं.

सपनाच्या डोक्यातून तो आकडा जाईना. अठरा हजार. आई बसली असती तर हे अठरा हजार कुठे खर्च झाले असते? कोणाला द्यावे लागले असते?

तिच्या ऑफिसचे मालक चिंतूशेठ. तारापूरच्या कारखान्यांचा माल त्यांचे ट्रक गुजरातेत नेत. एक दिवस ते फोनवर ड्रायव्हरवर ओरडत होते, "अरे वापी से खाली क्यूँ आ रहा है? दो ड्रम थे ना वहाँ? डाल लेता! गाडी तो आनी ही थी. दो ड्रम का कितना डीजल जलता है?"

फोन ठेवल्यावर सपनाने विचारलं, "शेठ, त्या दोन ड्रमचं भाडं किती धरता?"

"मिळेल ते. गाडी परत येणारच असते. ड्रायव्हरचा पगार, टोल, हप्ता, सगळं त्या फेरीवर आधीच बसलेलं. वर टाकलेल्या ड्रमचा आपल्याला खर्च म्हणजे चढवायची मजुरी आणि दोन लिटर डिझेल. का गं?"

"कोणी म्हणालं, एका ड्रमचा खर्च म्हणजे सगळ्या फेरीचा खर्च भागिले ड्रम, तर?"

"भाडं ठरवताना तसं मीपण म्हणतो," चिंतूशेठ हसले. "पण रिकाम्या गाडीत ड्रम घ्यायचा नसेल आणि मी असं म्हटलं, तर समज, मला तो ड्रम नकोच आहे."

सपना हसली नाही. तिने संध्याकाळी निमेशला फोन लावला. निमेश तिच्या कॉलेजचा, दांडीच्या मच्छीमार घरातला. मुंबई विमानतळावर तो विमानात वजन किती आणि कुठे भरायचं याचा हिशेब ठेवणाऱ्या विभागात होता. दुसऱ्याच एका कंपनीत. रविवारी तो बोईसरला आला आणि स्टेशनबाहेरच्या ज्यूस सेंटरमध्ये दोघं बसले. सपनाने सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर निमेश म्हणाला, "काकींचं वजन किती असेल?"

"चव्वेचाळीस-पंचेचाळीस. कशाला?"

"पिशवी धरून पन्नास समज. एक किलो वाढला की ताशी तीस-पस्तीस ग्रॅम इंधन जास्त जळतं. भोपाळ जवळजवळ दोन तास. म्हणजे काकींना न्यायला तीन-सव्वातीन किलो इंधन. चार लिटर झालं. चारशे रुपये धर."

"आणि?"

"खाण्याचा डबा, पाणी, दीडशे. विमानतळाचे माणशी काही पैसे भरावे लागतात, सुरक्षेचे वगैरे. तेही साडेतीनशे-चारशे. संपलं."

"संपलं?"

"विमान जाणारच होतं ना? पायलट तोच, पंखे तेच, विमान भाड्याने घेतलंय त्याचं भाडं तेच. काकी बसल्या म्हणून पायलटने जास्त पगार मागितला नसता. हजाराच्या आत काम."

"मग अठरा हजार कुठून आले?"

निमेशने फोनवर गुणाकार केला. "किती माणसं होती म्हणालीस? तीसेक?"

"बहात्तरातल्या चाळीस रिकाम्या. बत्तीस."

"अठरा हजार गुणिले बत्तीस, पावणेसहा लाख. हा अख्ख्या फेरीचा खर्च असणार. तो त्यांनी बसलेल्या माणसांनी भागला. विमान भरलं असतं, तर हाच खर्च माणशी आठ हजार आला असता." मग त्याच्या चेहऱ्यावर वेगळंच काही तरी आलं. "अगं, गंमत बघ. गंमत म्हणजे, हसायची नाही. त्यांचा माणशी खर्च जास्त होता, कारण विमान रिकामं होतं. काकी बसल्या असत्या तर बत्तीसाचे तेहतीस झाले असते. माणशी अठराचा साडेसतरा झाला असता. त्यांना बसवलं असतं तर त्यांचाच आकडा कमी झाला असता."

सपनाने समोरचा ग्लास बाजूला सारला. "विमान रिकामं म्हणून आकडा मोठा. आणि आकडा मोठा म्हणून आई बाहेर."

"हां."

"हे त्या फायनान्सवाल्यांना कळत नसेल?"

"त्यांना नाही कळणार तर कुणाला कळणार?" निमेश म्हणाला.

तिला झोंबलं ते हेच. चूक झाली असती तर तिने सोडून दिली असती. पण हिशेब येणाऱ्यांनी, हिशेब न येणाऱ्या बाईला आकड्याने गप्प केलं होतं. आणि आई महिनाभर सगळ्यांना ते खरं म्हणून सांगत होती.

पुढच्या आठवड्यात स्वराचा फोन आला. कंपनीला चित्र फार आवडलंय, आता कपांवर, सीटच्या कव्हरवर, कर्मचाऱ्यांच्या स्कार्फवर छापायचंय. एका कागदावर सही हवी. "मावशींचीही लागेल. चित्र दोघींचं आहे ना?"

"सहीला दोघी लागतो का?" सपनाने विचारलं.

पालघर स्टेशनजवळच्या एका एसी हॉटेलात भेटायचं ठरलं. सपना आईला घेऊन गेली. बायडी यायला तयार नव्हती, पण सपना म्हणाली, "तू नाय आली तर मी काय बोलणार?" तेव्हा ती उठली. या वेळी तिने रोजचंच लुगडं नेसलं.

स्वराने उठून बायडीला नमस्कार केला. "मावशी, मी पण इथलीच हं. केळव्याला आमची वाडी आहे." तिने सगळ्यांसाठी कॉफी मागवली आणि कागद पुढे सरकवला. सपनाने तो शांतपणे वाचला. चित्राचे सगळे हक्क कायमचे नीलपंखला. मोबदला मिळाला: हवाई प्रवास, किंमत अठरा हजार रुपये.

"पैसे कुठे आहेत, मॅडम?"

"लिहिलंय ना. तुझा प्रवास. कंपनीने तुझ्यावर तेवढा खर्च केला."

"कंपनीने माझ्यावर हजार रुपयेही खर्च केले नाहीत." सपनाचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून बघितलं. तिने पर्वा केली नाही. निमेशने सांगितलेलं तिने जसंच्या तसं सांगितलं. चार लिटर इंधन, खाण्याचा डबा, विमानतळाचे पैसे. "आमच्या ऑफिसात रिकाम्या ट्रकमध्ये कोणी एक ड्रम टाकला, तर शेठ त्याच्या नावावर अख्खी फेरी लावत नाहीत."

स्वराने कपाळावरचे केस मागे केले. "सपना, असं नसतं. असा हिशेब केला तर सगळ्यांनाच हजार रुपयांत न्यावं लागेल. मग पायलटचा पगार कोण देणार? विमानाचं भाडं?"

"सगळ्यांचं मी बोलत नाही. तिकीट तुम्ही अठराला विका, वीसला विका. ज्याला परवडेल तो घेईल. मी त्या दिवसाचं बोलतेय. आईला बाहेर ठेवायचं होतं, तेव्हा सीट अठरा हजारांची. आम्हाला पैसे द्यायचे नाहीत, तेव्हापण सीट अठरा हजारांची. आणि चाळीस सीट रिकाम्या उडवल्या, त्यांचे सव्वासात लाख तुम्ही कोणाकडून मागितले? त्यांची किंमत कोणी विचारली नाही."

"हे धोरण वरचे लोक ठरवतात..."

"आई बसली असती तर तुमचा माणशी खर्च कमी झाला असता, मॅडम. करून बघा भागाकार. फोन आहे तुमच्याकडे. दोन आहेत."

स्वराने फोनला हात लावला नाही. कॉफी आली. वेटर कप ठेवून गेला. बायडी टेबलाच्या कडेवर बोट फिरवत होती. मग ती पहिल्यांदाच बोलली.

"हजारासाठी मला परत लावली?"

"मावशी..."

"नाय, मला समजू द्या. अठरा हजाराचं मला पटलेलं. म्हटलं, मोठी रक्कम हाय, त्यांना नसंल परवडत. मी सगळ्यांना तसंच सांगितलं. आता ही सांगते, हजार. एवढी मोठी कंपनी हजारासाठी कोणाला दारातून परत लावत नाय. मंग कशासाठी लावली?"

स्वरा कपाकडे बघत राहिली. तिचं तोंड लाल झालं होतं. सपनाला वाटलं, ती आता पुन्हा फायनान्सचं नाव घेईल. पण समोर बायडी होती आणि बायडी तिच्यावरून नजर हलवत नव्हती.

"फायनान्सला मी विचारलंच नव्हतं," स्वरा शेवटी म्हणाली. "सीट होत्याच. आदल्या दिवशी आमच्या साहेबांनी ठरवलं की कॅमेऱ्यात एकच कलाकार हवी. तरुण. हिंदी बोलणारी. दोघी असल्या की... म्हणजे म्हाताऱ्या बाई शेजारी बसल्या की लोकांना ते जुनं वाटतं, असं ते म्हणाले. तुम्हाला हे कसं सांगायचं? म्हणून मी खर्चाचं सांगितलं. आकडा आमच्या फेरीच्या हिशेबातला होता. खर्च सांगितला की कोणी वाद घालत नाही."

सपना ताडकन उठली. खुर्ची मागे पडली. "चित्रातली शेतं, डोंगर, चौक, सगळं हिच्या हातचं आहे. ते जुनं नाही वाटलं? ते शेपटीवर चालतं आणि ही आत नाही चालत?"

"मी तेव्हा बोलायला हवं होतं. मला कळतंय."

"तुम्हाला तेव्हापण कळत होतं," सपना म्हणाली.

बायडीने कागद उचलला. ती तिसरीपर्यंत शिकलेली, त्यामुळे सगळं वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव तिला सापडलं. नावाशेजारी सहीची रिकामी रेघ होती. तिने कागद पालथा करून टेबलावर ठेवला आणि त्यावर कॉफीचा कप ठेवला, न पिता. "चल," ती सपनाला म्हणाली.

बाहेर आल्यावर सपना सारखी मागे हॉटेलच्या दाराकडे बघत होती. बायडी मात्र महिन्याभरात पहिल्यांदा ताठ चालत होती. "बरं झालं कळलं," ती म्हणाली. "मला वाटत होतं, मीच जड हाय."

त्यानंतरचं सगळं सावकाश झालं, आणि सरळ झालं नाही. पालघर कोर्टात दीपा गहला नावाच्या वकीलबाई होत्या, त्यांच्याच भागातल्या. त्या म्हणाल्या, "सही नाही ना केली? मग चित्र अजून तुमचंच आहे. शेपटीवर लावलंय तेही तुम्हाला लेखी न विचारता." त्यांनी नोटीस पाठवली. कंपनीने आधी उत्तर दिलं नाही. मग दिलं, की या मुलीला आम्ही प्रसिद्धी दिली, हवाई सफर दिली, तिची कृतघ्नता बघून खेद होतो. ते वाचून रूपेश दोन दिवस जेवला नाही नीट. गावातले काही लोक म्हणायला लागले, कशाला मोठ्यांच्या नादी लागता, मिळालं ते घ्या. वाणगावच्या एका पुढाऱ्याने तर बायडीला रस्त्यात अडवून सांगितलं, की अशाने पुढे कोणी वारली चित्रं घेणार नाही. बायडी म्हणाली, "नको घेऊ दे. भात पिकतंय अजून."

कंपनीला सणासुदीच्या आधी कप छापायचे होते. त्यांनी रक्कम सांगितली. दीपाताईंनी नकार दिला. त्यांनी वाढवली. शेवटी जे ठरलं ते मागितल्याच्या निम्म्याहून थोडं जास्त होतं, फक्त शेपटीपुरतं. कपांचं आणि स्कार्फचं बायडीने उडवूनच लावलं. "त्यात कोणी कॉफी पिऊन टाकून देणार. नाय." कंपनीने मग मुंबईच्या कुठल्या तरी स्टुडिओकडून तशीच त्रिकोणी माणसं काढून घेतली आणि कपांवर छापली. त्या माणसांना मान नव्हती आणि नाचताना सगळ्यांनी तारपावाल्याकडे पाठ केलेली होती, जी खऱ्या नाचात कोणी करत नाही. सपनाने निमेशकडून आलेला फोटो पाहिला आणि तिला इतका राग आला की तिने फोन गादीवर फेकला. त्यावर काही करता येण्यासारखं नव्हतं. दीपाताई म्हणाल्या, त्रिकोणावर कोणाचा हक्क नसतो.

चेक आला तो एकट्या सपनाच्या नावाचा.

"घरातच यायचेत ना पैसे," रूपेश म्हणाला. "भर बँकेत आणि मोकळी हो."

सपनाने आईकडे बघितलं. बायडी म्हणाली, "परत पाठव."

"आये, अजून दोन महिने लागतील."

"लागू दे. माझा वेगळा. माझ्या नावाचा."

दोनाऐवजी अडीच महिने लागले. मग दोन चेक आले, सारख्या रकमेचे. एकावर 'श्रीमती बायडी लाड्या वरठा' असं पूर्ण नाव छापलेलं. बोईसरच्या बँकेत कारकुनाने तिला विचारलं, "कसले पैसे, मावशी?" ती म्हणाली, "चित्राचे. मी काढलंय." त्याने स्लिपवर शिक्का मारला. तरी तिने पुन्हा सांगितलं, "मी काढलंय."

रूपेशने एकदा सुचवलं, की आता दुसऱ्या कुठल्या तरी विमानाचं तिकीट काढू, आईला नेऊन आणू. तिकिटं स्वस्तही मिळतात आगाऊ काढली तर. बायडीने त्याला पुढे बोलू दिलं नाही. "मला ते फुकट नको होतं आणि विकतही नको. त्यांनी बोलावलेलं, म्हणून जायचं होतं."

दिवाळीनंतर स्वराचा फोन आला. तिने नीलपंख सोडली होती. का, ते तिने सांगितलं नाही. ती म्हणाली, "मावशींशी बोलायचंय. एकदाच." सपनाला फोन कापावासा वाटला. पण तिने आईकडे दिला.

बायडी खळ्यात नाचणी पाखडत होती. तिने सूप मांडीवर टेकवलं, फोन कानाला धरला आणि ऐकत राहिली. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं, मधे थांबत, मधे रडल्यासारखं. बायडी एकदाच बोलली, "बरं." मग तिने फोन परत दिला.

"काय म्हणाली?" सपनाने विचारलं.

"माफी मागत होती."

"मंग? केलंस माफ?"

"नाय." बायडीने सूप उचललं. "ती बोलली, मी ऐकलं."

तिने नाचणी वर उडवली. कोंडा वाऱ्यावर गेला आणि दाणे सुपात पडले. सपना तिच्या शेजारी बसून खडे वेचायला लागली.